तिसऱ्यांनी मागितलेली सावली

खाडीचं पाणी अजून गार होतं, तेव्हाची ही गोष्ट. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात शिंपांत मिटलेल्या इवल्या तिसऱ्या आणि खेकडे शेजारी राहत. खेकडे सतत बिळं उकरत, आणि त्या बिळांतून भरतीचं ताजं पाणी खाली रुतलेल्या तिसऱ्यांपर्यंत पोचे.

पुढे ऊन इतकं वाढलं, की ओहोटीला चिखल तापून तिसऱ्या पोळू लागल्या. तेवढ्यात एका जहाजाच्या बुडाला चिकटून परदेशी शिंपले आले.

"आम्ही तुमच्यावर दाट पसरतो," ते म्हणाले. "सावलीच सावली! फक्त ती बिळं तेवढी बंद करा."

म्हातारा खेकडा कळवळला. "बायांनो, बिळं बुजली तर भरती तुमच्यापर्यंत यायची कशी?"

"तुझ्या उकराउकरीनं जीव विटलाय आमचा," सगळ्यांत थोरली तिसरी फणकारली. "चालता हो!"

खेकडे गेले, आणि त्यांची बिळं हळूहळू बुजत गेली. शिंपले गोधडीसारखे चिखलभर पसरले. चार दिवस तिसऱ्या गारव्यात सुखानं पडून राहिल्या. पाचव्या दिवशीही भरती आली, पण वरच्या वर निघून गेली.

"पाणी!" तिसऱ्या खालून ओरडल्या. "गुदमरतोय आम्ही!"

"ओरडता कशाला?" शिंपले पोटभर पाणी पीत म्हणाले. "सावली मागितलीत, सावली दिली. पाणी देणारा तुम्हीच हाकललात."