ताम्राक्षी आणि उभा ठेवलेला पाहुणा

एका राज्यात मानपानाचे फार वेड होते. कोणी कुठे बसायचे, कोणाच्या उजवीकडे कोण, कोणाच्या गादीला किती लोड, हे ठरवायला राजा अरिंजयाने एक मानकरी नेमला होता, आणि त्या मानकऱ्याच्या हाताखाली आणखी मानकरी. शेते पिकत होती, नद्या भरून वाहत होत्या, लोक सुखात होते. सुखी माणसाला दुसरे काम उरले नाही की तो मानपान काढतो, तसे त्यांचे झाले होते.

राजाला पुष्कळ नवससायासांनी मुलगी झाली. तिच्या बारशाला देशोदेशीचे राजे आले, ऋषी आले, ढगांवरून गंधर्व उतरले, आणि सगळे आपापल्या जागी बसले. मग दारात एक उंच, कृश म्हातारा आला. तो कर्कटनाथ, उत्तरेच्या पहाडातला जादूगार. बाळासाठी त्याने एक आशीर्वाद आणला होता, उपरण्याच्या गाठीत बांधून.

जादूगाराला कुठे बसवावे हे मानकऱ्याला कळेना. ऋषींत बसवावा तर ऋषी रागावणार, राजांत बसवावा तर राजे. "जरा थांबा," असे म्हणून तो गेला आणि विसरला. सकाळ सरली, पंगती उठल्या, दिवस कलला. म्हातारा खांबाशी उभाच. राजाची नजर त्याच्यावर एकदा सोडून दोनदा गेली. राजाला वाटले, उभा आहे त्या अर्थी उभे राहण्याचाच मान असेल.

शेवटी राजाची बहीण मेघावती, म्हणजे बाळाची आत्या, कानात नाव सांगायला पाळण्यावर वाकली. तेव्हा कर्कटनाथाने गाठ सोडली, आशीर्वाद जमिनीवर झटकून टाकला आणि म्हणाला, "राजा, तुझ्या घरी मला कोणी बस म्हटले नाही. आजपासून तुझ्या राज्यात माणूस माणसाजवळ बसणार नाही."

"आणि उःशाप?" राजाने घाईने विचारले. शाप मिळाला की उःशाप मागावा, एवढे शिक्षण राजांना असते.

"ज्या दिवशी मी तुझ्या घरच्या माणसाला माझ्याजवळ बसायला सांगेन, त्या दिवशी शाप सुटेल. आणि तो दिवस उगवायचा नाही."

एवढे बोलून तो धूर होऊन गेला. आत्याच्या ओठांतले नाव ओठांतच राहिले, कारण त्याच क्षणी तिच्या हाडांत अशी थंडी भरली की ती मागे कोसळली.

तेव्हापासून त्या राज्यात माणूस माणसाच्या हाताच्या अंतरावर आला की दोघांच्या अंगात बर्फ शिरे. नवराबायको घराच्या दोन टोकांना जेवू लागली. बाजारात भाजी काठीच्या टोकाला बांधून देऊ लागले. म्हाताऱ्यांचे पाय चेपायला कोणी उरले नाही. बाळाची आई राणी कुमुद्वती, राण्यांत शहाणी, तिने एकदा सोसेल ते सोसेन म्हणून बाळाला उचलले. तिने सोसले, पण बाळ निळे पडले. तिने ते पाळण्यात परत ठेवले आणि पुन्हा उचलले नाही.

बाळाला लांब दांड्याच्या पळीने दूध पाजत. पाळण्याला लांब दोरी बांधून दुरून झोका देत. बाळ दिवसेंदिवस वाळत चालले, आणि मग ते रडेनासे झाले.

राजवैद्य दाराबाहेरून म्हणाला, "राणीसाहेब, दुधाने पोट भरते. अंगाची ऊब पळीने पाजता येत नाही. पाऊस लागेपर्यंत बाळ तग धरील. पुढचे मला सांगवत नाही."

राजाने पहाडावर चाल करायला सैन्य काढले. पण शेजारी शेजारी उभे राहता येत नाही अशा सैन्याची रांग ती काय होणार? वेशीपाशी पोचेतो निम्मे शिपाई शेतांत पांगले होते. राजा मान खाली घालून परत आला.

"मी जाते," राणी म्हणाली. "एकटीनेच जायचे आहे, तर मी बरी. तुम्ही पाळण्याची दोरी धरा. ती सुटता कामा नये."

"सुटणार नाही," राजा म्हणाला.

राज्याच्या सीमेवर एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवत बसली होती, ढोलीचे तोंड लिंपून घेऊन, आणि धनेश फटीतून तिला फळे भरवत होता. त्याची चोच मोठी, आवाज भसाडा, पण बोलणे नीट.

"धनेशा, कर्कटनाथाची वाट कोणती?" राणीने विचारले.

"समोरची. आधी अंधाराची गुहा लागेल, मग शापित खजिना, मग तो स्वतः. गुहेत दिवा पेटत नाही. खजिन्याला हात लावील त्याचा दगड होतो. आणि त्याच्यापुढे आजवर कोणाचे चालले नाही."

"मग मी काय करू?"

"सोबत घेऊन जा."

"मला सोबत कोण करणार? माझ्याजवळ कोणाला येता येत नाही."

"माणसाला येता येत नाही," धनेश म्हणाला, आणि पुढचे फळ फटीत सरकवले.

राणीने सीमा ओलांडली, तोच एक काळी मांजरी वाटेत आडवी गेली.

आता इथे जरा मागचे सांगायला हवे. त्या राज्यात मांजरे नव्हती. राजाच्या आजोबांना लढाईला निघताना एक काळे मांजर आडवे गेले, आणि आजोबा लढाई हरले. हरले ते आपल्या ढिसाळपणाने, पण नाव आले मांजरावर. राज्यातली सगळी मांजरे सीमेपार हाकलली गेली. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय?

तर राणी थबकली. लहानपणापासूनचा रिवाज तिच्या पायांत होता: मांजर आडवे गेले की थांबायचे, दुसऱ्या कोणाला आधी पुढे जाऊ द्यायचे, मग आपण जायचे. ती थांबली. पण त्या ओसाड वाटेवर दुसरे कोण येणार? मांजरीही थांबली. थांबायचे आहे तर आपणही थांबू, असे तिचे म्हणणे दिसले.

राणीने तिला नीट पाहिले. अंग काजळासारखे काळे, नखापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक पांढरा केस नाही. केस आखूड आणि अंगासरशी बसलेले, इतके तुळतुळीत की चालताना उन्हाची रेघ पाठीवरून घरंगळत जाई. बांधा सडपातळ, पण आत कमावलेला. चेहरा गोल, आणि डोळे घासूनपुसून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यांचे. त्या डोळ्यांत भीती नव्हती, मागणे नव्हते. तिला फक्त ओळख करून घ्यायची होती.

मांजरीने राणीच्या पायाला अंग घासले. थंडी आली नाही. राणी श्वास रोखून उभी राहिली, तरी आली नाही. मग मांजरी काहीतरी बोलली आणि वाटेने पुढे झाली. कोणीतरी आधी पुढे गेले, म्हणजे रिवाजही पाळला गेला. राणी तिच्या मागून निघाली. तिने तिचे नाव ठेवले ताम्राक्षी.

ताम्राक्षीला माणसाची भाषा येत नव्हती, पण म्हणून तिने गप्पा सोडल्या नाहीत. दगड दिसला, सांगितले. फुलपाखरू उडाले, सांगितले. राणी गप्प झाली की ती वळून विचारी. कित्येक दिवसांत राणीशी इतके कोणी बोलले नव्हते.

अंधाराची गुहा आली. आत शिरताच राणीला स्वतःचा हात दिसेना. आणि काळ्या गुहेत काळी मांजरी, ती तर नाहीशीच झाली. एका बाजूला खोल दरी होती, तिच्यातून वारा वर येत होता. राणी भिंतीला टेकून उभी राहिली. तोच पुढे दोन तांबडे डोळे उजळले. ताम्राक्षीने वळून पाहिले होते. एकटे पुढे जाणे तिच्या स्वभावात नव्हते. चार पावले गेली की सोबतीण येते ना, म्हणून ती वळून बघे, आणि बघितले की डोळे उजळत. राणी त्या डोळ्यांकडे चालत राहिली. गुहा संपली.

पुढे खजिना. माणकांच्या राशी, मोत्यांचे ढीग, आणि मधेमधे दगडाची माणसे, हात पुढे केलेली. राणीने माणकांकडे ढुंकून पाहिले नाही. पण सगळ्यांच्या मधोमध सोन्याचा एक लहानसा खुळखुळा होता, आणि तो हळू आवाजात म्हणत होता, "मला घेऊन जा. मी वाजलो की बाळ रडेल, मी वाजलो की बाळ हसेल."

धनेशाचे बोलणे राणीच्या ध्यानात होते. पण आईच्या हाताला ध्यान कुठून असणार? दोन्ही हात पुढे झाले.

खुळखुळा बोटभर अंतरावर राहिला, तेवढ्यात ताम्राक्षीने उडी घेतली ती सरळ त्या हातांत. कुणाचे रिकामे हात पुढे आले की ते आपल्यासाठीच, अशी तिची समजूत होती. राणीच्या दंडावर तिने बूड टेकले, पुढचे पंजे खांद्यावर ठेवले, डोके हनुवटीखाली खुपसले आणि घुरघुरू लागली. राणीचे दोन्ही हात भरले. आता दुसरे काही उचलायला हातच उरला नाही.

ते अंग ऊन होते. त्यात एक छोटे काळीज भराभर उडत होते. राणी त्या दगडी माणसांच्या मधे उभी राहून रडली, मोठ्याने रडली. मग मांजरीला तशीच उराशी धरून ती खजिन्यातून बाहेर पडली.

तिसरी जागा कर्कटनाथाची. दगडी दालनात एका दगडी आसनावर तो बसला होता, आणि त्याच्या दाढीवर, भुवयांवर दहिवर गोठले होते.

"आलीस?" तो म्हणाला. "उभी राहा."

राणी उभी राहिली. "महाराज, चूक आमची आहे. ती मी कबूल करते. माझे बाळ मरायला टेकले आहे."

"मला ते शब्द म्हणायला लावशील असे वाटते?"

"नाही. मी फक्त चूक कबूल करायला आले."

"झाली कबूल करून? मग जा."

इतक्यात ताम्राक्षी राणीच्या हातांतून उतरली. शेपटी उभारून जादूगारापाशी गेली, त्याच्या पोटरीला अंग घासले, आणि टुणकन त्याच्या मांडीवर चढली. स्वतःभोवती फिरली, कणीक मळावी तसे पंजांनी धोतर मळले, अंगाचे वेटोळे केले.

मांजराची जात शेवटी फितूर, हे राणीने लहानपणापासून ऐकले होते. ऐन वेळी ही शत्रूच्या मांडीवर बसली, असे तिला वाटले. ती बिचारी ताम्राक्षी! तिला शत्रू हा प्रकारच ठाऊक नव्हता. तिथे एक मांडी होती आणि ती गारठली होती, एवढेच तिने पाहिले.

कर्कटनाथाने तिला झटकायला हात उचलला. हात तिच्या पाठीवर टेकला, आणि त्या तुळतुळीत पाठीवरून आपोआप शेपटीपर्यंत घसरत गेला. मग पुन्हा वर आला. शाप देणाऱ्यालाही शापातले निम्मे भोगावे लागते. राज्यातल्या माणसांना माणूस जवळ आला तरच थंडी वाजे, याला ती रात्रंदिवस वाजत होती. त्याला कोणी शिवले त्याला आता किती काळ लोटला, ते त्याचे त्यालाही आठवत नव्हते.

हात थांबला की ताम्राक्षी पंजा उचलून त्याच्या मनगटावर ठेवी, आणि हात पुन्हा फिरू लागे. दालनात तिची घुरघुर तेवढी चालली होती. दाढीवरचे दहिवर ठिबकू लागले. ताम्राक्षीला झोप लागली.

तेव्हा म्हाताऱ्याने वर पाहिले. राणी उभीच होती. वाटेने तिचे पाय सोलून निघाले होते, आणि ती एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होती, तसाच, जसा त्याने खांबाशी टाकला होता. कर्कटनाथ जादूगार खरा, पण चांगल्या घरातला होता. घरी आलेली बाई उभी आणि आपण बसलेले, हे त्याच्या जिवाला लागले. त्याने उठायचे केले. ताम्राक्षीने झोपेतच नखे जराशी रुतवली.

"राणीसाहेब," तो हळूच म्हणाला, तिची झोप मोडू नये म्हणून, "तुम्ही उभ्या आणि मी बसलेला, हे बरे दिसत नाही. पण मला उठता येत नाही, मांडीवर ही झोपली आहे. तुम्हीच या. इथे माझ्याजवळ बसा."

बोलून गेल्यावर त्याला कळले, आपण काय बोललो ते. राणी त्याच्या शेजारी बसली. थंडी आली नाही. म्हाताऱ्याने ओली दाढी पुसली आणि म्हणाला, "बरे झाले." त्याबरोबर खजिन्याचाही शाप सुटला, आणि तिथली दगडाची माणसे हात झटकत आपापल्या घरी निघाली.

तिकडे राजवाड्यात राजाच्या हातातली दोरी हलली. बाळ रडत होते. राजाने दोरी सोडली, धावत जाऊन बाळाला उचलले, आणि राणी परत येईपर्यंत खाली ठेवले नाही.

राहिलेले बारसे मग झाले. मांडवात अमुक जागा अमक्याची असे काही नव्हते, जो तो दिसेल तिथे दाटीवाटीने बसला. आत्याने ठरवलेले भारदस्त नाव बाजूला ठेवले, आणि पाळण्यावर वाकून, गालाला गाल लावून, बाळाच्या कानात सांगितले, "सन्निधी." पाळण्यात बाळाच्या पायांशी ताम्राक्षी होती. तिने नाव ऐकले, जांभई दिली, उतरली, आणि पहिल्या ओळीत बसलेल्या कर्कटनाथाच्या मांडीवर जाऊन झोपली.

राणीने राज्यात दवंडी पिटवली की सीमेपारच्या सगळ्या मांजरांना माघारी आणावे. आजही तिथे काळे मांजर आडवे गेले की माणसे थांबतात आणि हात जोडून म्हणतात, "व्हा पुढे, बाई. आम्ही आलोच मागून." राणी तर रोज सकाळी देवाला हात जोडण्याआधी ताम्राक्षीच्या पाठीवरून हात फिरवी. पुजाऱ्याने एकदा विचारले, तर म्हणाली, "देवाला सगळे ठाऊक आहे. तो रागावत नाही."

आणि त्या बारशाच्या दिवशी राजा अरिंजय मांडवात आला, तेव्हा सगळे उठून उभे राहिले. कर्कटनाथ तेवढा उठला नाही. त्याने मांडीकडे बोट दाखवले. राजा त्याच्यासमोर गेला, हात जोडले आणि म्हणाला, "बसा, महाराज. तुम्ही बसा." मग तो तिथेच खांबाशी उभा राहिला, मांजर जागे होईपर्यंत.