रिठापरी आणि कोकमतेलाचा गोळा

खुळ्‌… खुळ्‌… खुळ्‌.

वाळलेला रिठा कानाशी धरून हलवला, तर आतली काळी बी असा आवाज करते. धाकूनं तो आवाज देवराईत ऐकला, त्याला आता फार वर्षं झाली. तेव्हा रोपं होती ती आज म्हातारी झाडं झाली आहेत.

धाकू तेव्हा लहान होता. गावातल्या मोठ्या घरात पितळेची एक उभी समई होती, तिच्याएवढीच त्याची उंची. डोंगराच्या पायथ्याशी एका इवल्याशा खोपीत तो आणि त्याची आये राहत होती. आयेचं नाव सुंदरा. खोपीच्या दारात रातांब्याचं झाड होतं. पूर्वी दर उन्हाळ्यात ते लालचुटूक फळांनी लगडून जायचं. सालीचं कोकम व्हायचं आणि बियांचं कोकमतेल. तेल थिजलं की आये ते मुठीत दाबून पांढरा गोळा करायची, आणि थंडीत तोच गोळा दिव्याच्या उबेला धरून टाचांच्या भेगांत सोडायची.

पण ते झाड वाळून गेलं होतं. त्याच्यावर एक पान नव्हतं. शिंक्यातला शेवटचा गोळाही संपला होता.

त्या साली थंडी कडक पडली. आयेच्या टाचा आटलेल्या तळ्यातल्या मातीसारख्या फुटल्या. ती चालली की जमिनीवर खर्र खर्र वाजायचं. धाकूला तो आवाज ऐकवत नसे. एका सकाळी आये उन्हात डोळे मिटून बसली होती, तेव्हा त्यानं आपल्या परीनं विचार केला. चिंच लावली की काळं पडलेलं तांब्याचं भांडं उजळतं. राखेनं घासलं की करपलेलं पातेलं निघतं. मग टाच का नाही निघणार?

त्यानं चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख एकत्र कालवली, नारळाची शेंडी घेतली, आणि आयेची टाच घासली.

"अगं आई गं!" आये ओरडली. "मेल्या, मी काय तवा आहे?"

धाकू रडू लागला. मग आयेला हसू आलं. ती हसली खरी, पण टाचेतून रक्त यायचं थांबलं नाही.

आये मोठ्या घरात झाडलोट करायची, भांडी घासायची. रोजचा भात तिथूनच यायचा. त्या घरच्या बाई म्हणजे ताराकाकू. त्यांचा आवाज अंगणातून हाक मारली तरी नदीपर्यंत जायचा. दुसऱ्या दिवशी आये ओटीवर चढली आणि तिच्या टाचेचा लाल ठसा स्वच्छ जमिनीवर उमटला.

"सुंदरा!" काकू म्हणाल्या. "देवदिवाळी तोंडावर आली, पाहुणे यायचे आहेत, आणि ही काय रांगोळी काढलीस? पाय बरे झाल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस."

"आणि काम, काकू?"

"काम काय तुझ्या टाचांसाठी थांबतंय? देवदिवाळीपर्यंत बघते. नाहीतर दुसरी बाई लावते."

आयेच्या मागून धाकू पुढे आला. "तोवर मी करतो, काकू."

"तू?" काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरपासून खालपर्यंत फारसं काही नव्हतंच. "समईशेजारी उभा राहिलास तर तुझ्याच डोक्यावर वात लावतील. बरं, ये उद्या. बघू."

म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच धाकू रिठे गोळा करायला देवराईत गेला. गवताच्या पात्यापात्यावर दव होतं. कोळ्यांची जाळी मोत्यांच्या माळांसारखी चमकत होती. निळी-जांभळी फुलपाखरं पंख वाळवत बसली होती. त्या गावाची रीत अशी, की देवराईतलं पान तोडायचं नाही. आपणहून खाली पडेल तेवढंच घ्यायचं. रिठ्याची एक फांदी अगदी धाकूच्या नाकाशी लोंबत होती, घोसच्या घोस होते. धाकूनं तिला नाकानं बाजूला सारलं आणि तो खाली वाकून पडलेले रिठे वेचू लागला.

तेवढ्यात तो आवाज आला. खुळ्‌… खुळ्‌… आणि मग बारीकशा आवाजात, "आई गं!"

पाचोळ्यात एक परी बसली होती. बोटाएवढी. तिचा झगा फेसाचा होता आणि त्याच्या बुडबुड्या-बुडबुड्यांत इवलाली इंद्रधनुष्यं हलत होती. पंख चतुराच्या पंखांसारखे पारदर्शक. पायांत मोहरीएवढ्या रिठ्यांचे पैंजण. आणि एका चिमुकल्या तळव्यात करवंदीचा काटा.

धाकू गुडघ्यांवर बसला. त्यानं नखांच्या चिमटीत काटा धरला आणि श्वास रोखून ओढला. मग गवतावरचा एक दवबिंदू अलगद आणून तिचा पाय धुतला.

परीनं पाय हलवून पाहिला. "काटा काढलास, पण मी कोण ते विचारलं नाहीस."

"पायात काटा असताना कोण विचारतं?" धाकू म्हणाला.

परी हसली. हसल्यावर तिच्या झग्यातून चार बुडबुडे सुटून वर गेले. "मी रिठापरी. तुला एक मागणं मागता येईल. सोन्याची गाडी देऊ? मोरपंखी झगा देऊ? की लाडवांचं झाड?"

लाडवांचं झाड म्हटल्यावर धाकूनं आवंढा गिळला. थोडा वेळ मनानं तो त्या झाडाखालीच बसला असावा. मग म्हणाला, "नको. माझ्या आयेच्या टाचा बऱ्या कर."

"राखेनं घासल्यास त्या?"

धाकूचे कान लाल झाले. "तुला कसं कळलं?"

"तुझ्या आयेची हाक इथपर्यंत आली होती." परी गंभीर झाली. "नीट ऐक. चिंच पितळेला आणि तांब्याला, राख भांड्यांना, रिठा कपड्यांना आणि जमिनीला, कोकमतेल माणसाला. एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही. टाचा आधी मीठ आणि कडुनिंबाचा पाला घातलेल्या कोमट पाण्यात बुडवायच्या. मऊ झाल्या की दोडक्याच्या जाळीनं हळू घासायच्या, बाळाची पाठ चोळतात तशा. कोरड्या पुसायच्या, आणि मगच तेल."

ती झाडाच्या ढोलीत शिरली आणि उन्हाळ्यात पडलेली रातांब्याची एक बी घेऊन आली. तिनं ती आपल्या मुठीत धरली. मुठीतून केशरी उजेड पाझरला. मूठ उघडली तेव्हा तिच्यात दुधासारखा पांढरा गोळा होता, बोराएवढा. बोटाएवढ्या परीच्या मुठीत तो कसा मावला, हे धाकूला आजवर कळलेलं नाही.

"हे तुझं मागणं," परी म्हणाली. "याला दोन नियम आहेत. गोळा एकाच माणसाच्या पायांना पुरेल. आणि अर्धा-अर्धा करायचा नाही, मोडलास तर त्याचा गुण जाईल."

धाकूनं गोळा केळीच्या पानात बांधला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. परी दिसेनाशी झाली.

खोपीकडे परत जायला वेळ नव्हता. संध्याकाळी लावू, असं मनाशी म्हणत तो मोठ्या घरी गेला. त्यानं लिंबाच्या साली आणि कडुनिंबाचा पाला उकळला, त्यात रिठ्याचं पाणी घातलं. जमिनीवर फेसाचे ढग पसरले. ते पुसून घेतल्यावर सगळी ओटी लिंबाच्या बागेसारखी घमघमली. मग त्यानं समईला चिंच लावली, राखेनं घासलं, भरपूर पाण्यानं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि उन्हात ठेवलं. समई अशी उजळली, की अंगणातल्या कोंबड्यानं तिच्यात दुसरा कोंबडा पाहिला आणि भांडण सुरू केलं.

ताराकाकू आल्या. समईत वाकून बघितलं. "अगो बाई, ही कोण म्हातारी?" असं म्हणाल्या आणि आत गेल्या. तेवढीच शाबासकी.

घासलेलं पातेलं ठेवायला धाकू मागच्या पडवीत गेला, तर काकू तिथे पाटावर बसलेल्या. त्यांच्या लुगड्याचा काठ नेहमी जमिनीला टेकलेला असे. आज तो वर होता. टाचा दिसत होत्या. आयेच्या टाचा त्यापुढे काहीच नव्हत्या. काकू एका भेगेत मेण भरत होत्या आणि ओठ चावत होत्या.

"काय बघतोस? डोळे मिट!"

"मिटले, काकू." डोळे मिटूनच धाकू म्हणाला, "फार दुखतं?"

काकूंनी मेण खाली ठेवलं. मग त्यांचा आवाज आला, आणि तो नदीपर्यंत जाणारा नव्हता. "कुणाला सांगितलंस तर याद राख. पाहुण्यांसमोर चालायचं कसं, तेच मला कळत नाहीये."

धाकूचा हात खिशावर गेला. गोळा तिथे होता. तो संध्याकाळचा होता, आयेचा होता. त्यानं पडवीत इकडेतिकडे पाहिलं. एवढं मोठं घर, पण काकूंच्या पायांशी बसणारं त्यात कुणी नव्हतं. आयेच्या पायांशी बसायला निदान तो होता.

"काकू, पाणी तापवू का?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"पाय इकडे करा. मीठ कुठे आहे?"

काकू रागावतील असं त्याला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यानं त्यांचे पाय कोमट पाण्यात बुडवले, दोडक्याच्या जाळीनं हळू घासले, कोरडे केले. मग पणतीच्या उबेला धरून गोळा पातळ केला आणि भेगाभेगांत सोडला. शेवटचा थेंब पडला आणि काकूंच्या टाचा गव्हाच्या ताज्या कणकेसारख्या मऊ झाल्या. काकू टाचांकडे बघत राहिल्या. आयेनं कामावर यावं, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही.

धाकू रिकामं केळीचं पान घेऊन घरी आला.

"तोंड का उतरलंय रे?" आयेनं विचारलं.

धाकूनं सगळं सांगितलं, परीपासून पणतीपर्यंत. आये ऐकत होती. मग तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "ताराकाकूंच्या टाचांना एवढ्या भेगा? आणि मी इतकी वर्षं त्या घरात असून मला दिसल्या नाहीत."

दोघं दारात बसली. ऊन कलत होतं, खोपीचं गवत सोनेरी झालं होतं. आणि वाळलेल्या रातांब्याच्या फांदीवर आवाज झाला. खुळ्‌… खुळ्‌…

"धाकू," रिठापरी म्हणाली, "तुझं मागणं तू दुसऱ्याला देऊन टाकलंस."

"हो."

"परत मागता येत नाही."

"ठाऊक आहे." धाकूनं नाक पुसलं. "मी कुठे मागतोय?"

"मागत नाहीसच. आणि न मागता दिलं, तर त्याला नियम नाहीत. ती माझी हौस."

असं म्हणून परी फांदीवर गिरकी घेऊ लागली. एक गिरकी, आणखी एक. झग्याचे बुडबुडे सुटले. गुलाबी, निळे, पोपटी, सोनेरी. प्रत्येक बुडबुडा फांदीला टेकला आणि तिथे पान फुटलं. पानाआड फळ आलं, फळ लालचुटूक झालं. झाडभर उजेडच उजेड झाला. त्या उजेडात आधी परीचे पंख विरघळले, मग झगा, मग पैंजण. उजेड विझला तेव्हा फांदीवर कोणी नव्हतं.

"थंडीत रातांबे!" आये म्हणाली. "स्वप्न तर नाही ना रे?"

धाकू फांदीकडे हात नेणार होता, पण त्यानं तो मागे घेतला. तेवढ्यात एक फळ आपणहून खाली पडलं. थुप्‌. मग दुसरं. थुप्‌, थुप्‌, थुप्‌.

पुढचं काम जादूचं नव्हतं. आये सांगत गेली आणि धाकू करत गेला. बिया उन्हात वाळवल्या, कुटल्या, पाण्यात उकळल्या. वर तरंगलेलं तेल निथळून घेतलं, ते थिजलं, आणि धाकूनं आपल्या मुठीत दाबून गोळा केला. तो वेडावाकडा झाला. त्याच्यावर त्याच्या बोटांचे ठसे उठले. रोज संध्याकाळी मीठ, पाला, कोमट पाणी, जाळी, कोरडं फडकं, मग तेल. जादूच्या गोळ्यानं झालं तसं एका दमात काही झालं नाही. आधी रक्त थांबलं. मग भेगा भरू लागल्या. मग एका सकाळी आये विहिरीवर जाऊन आली आणि खर्र खर्र असं काही वाजलंच नाही.

तो देवदिवाळीच्या आदला दिवस होता. आये अंगण झाडत होती, तेव्हा पाणंदीतून ताराकाकू येताना दिसल्या. एकट्या, अनवाणी, ताठ. एवढं चालून त्या या खोपीकडे कधी आल्या नव्हत्या.

"या, काकू," आये गडबडली. "पायांवर पाणी घ्या. धाकू, तांब्या आण रे!"

धाकूनं पाणी आणलं. काकूंनी पाय पुढे केले, पाणी घेतलं. मग त्यांनी आयेच्या टाचांकडे पाहिलं. मग फळांनी वाकलेल्या झाडाकडे. मग धाकूकडे, आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

पदराआडून त्यांनी नव्या मऊ चामड्याच्या वहाणा काढल्या आणि उंबऱ्याशी जोडीनं ठेवल्या. आयेच्या मापाच्या. एका वहाणेत मोठ्या घराच्या मागच्या दाराची किल्ली होती.

"काकू, बसा तरी," आये म्हणाली.

ताराकाकूंनी लुगड्याचा काठ थोडा वर धरला, वळल्या, आणि पाणंदीनं निघून गेल्या.