राणीचे गोड तळवे

माणसाने अजून रानात पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हा तिथे मखमल नावाच्या मांजरीचं राज्य होतं. एकदा ती तापाने फणफणली. मुंगूसवैद्याने कडूजहर काढा आणला, तर तिने वाटीच लाथाडली. दुधातून दिला, तर दूध सांडलं.

“आज औषध पोटात गेलं नाही, तर राणी काही वाचत नाही,” वैद्य हळहळला. मग तिला डुलकी लागताच त्याने काढा आटवून तिच्या चारही तळव्यांना फासला.

थोड्या वेळाने दरबारी रिवाजाप्रमाणे राणीचे तळवे चाटायला आले. कोल्हेप्रधानाने जीभ लावली आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. तरी तो म्हणाला, “अहाहा, मधासारखे गोड!” मागून लांडगा आणि माकडही म्हणाले, “मधच!”

“एवढं गोड, आणि सगळं तुम्हीच खाताय?” म्हणत राणीने स्वतःचा पंजा चाटला. तिच्या मिशा थरथरल्या. पण आपलेच तळवे कडू आहेत, हे कोणती राणी कबूल करील? “गोडच आहेत,” म्हणत तिने चारही तळवे चाटून लख्ख केले.

संध्याकाळी ताप उतरला. राणी ऐटीत म्हणाली, “बघा वैद्यबुवा, औषधाशिवाय बरी झाले!”

“औषधाशिवायच!” सगळे दरबारी एका सुरात ओरडले, आणि कडवट तोंडं घेऊन खरा मध शोधायला पळाले.