पिकअपमधले चार नग

एका गावात एक भोळा गाडीवाला होता. भोळा म्हणजे मूर्खच, पण गावाला त्याचा उपयोग होता म्हणून गाव त्याला भोळा म्हणायचं. त्याचं नाव उत्रेश्वर. वय एकतीस. लग्न नाही. सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा. त्यात स्वतःचं काही मिसळायचा नाही, कारण मिसळायला त्याच्याकडे काही नव्हतं.

सांगणारे मात्र गावात भरपूर. सोसायटीच्या ओट्यावर चौघं कायम बसलेले असायचे. एक उत्रेश्वरचा चुलता, गुलाबतात्या. दुसरे विश्वंभर चेअरमन. सोसायटी बुडून बारा वर्षं झाली, पण ते चेअरमनच. तिसरे रिटायर झालेले घोडके गुरुजी. चौथा बब्रुवानमामा. तो झोपलेला असायचा आणि मधेच डोळे न उघडता "बरोबर हाय" म्हणायचा. या चौघांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. गाडी कशी चालवावी हे मात्र चौघांना तोंडपाठ होतं.

दोन वर्षांपूर्वी तात्या म्हणाला होता, "दारात मोठी गाडी दिसली की पोरगी मिळती."

उत्रेश्वरने मोठी गाडी घेतली. पांढरी, उंच, सात जण बसतील अशी एसयूव्ही. पोरगी काही मिळाली नाही. पण चौघांना गाडी मिळाली. लग्न, बारसं, दहावं, डोळ्यांचा डॉक्टर, सगळीकडे चौघं त्याच गाडीतून. सीटवरचं प्लॅस्टिक काढू द्यायचे नाहीत आणि त्याच्यावर शेंगा खायचे.

तात्याने उत्रेश्वरला पहिला नियम शिकवला होता. "गाडीत बसल्यावर ऊन, वारा लागता कामा नये. समदं गच्च बंद करायचं."

"बरं," उत्रेश्वर म्हणाला.

मग एक स्थळ आलं. पंधरा किलोमीटरवर अंगदराव माने यांची रोपवाटिका होती. त्यांची मुलगी स्वप्नाली ती चालवायची. शेतीचं शिकलेली, हाताला कायम माती. उत्रेश्वर चौघांना घेऊन बघायला गेला. चौघांनी पोहे दोनदा मागून घेतले. स्वप्नालीने एकच प्रश्न विचारला.

"या गाडीत रोपांचे ट्रे किती बसतात?"

"म्हातारे चार बसतात," उत्रेश्वर म्हणाला.

"म्हातारे नकोत. ट्रे सांगा."

उत्रेश्वर बोटांवर मोजायला लागला.

स्वप्नाली म्हणाली, "हे बघा, मला रोपं न मोडता पोचवणारा माणूस पाहिजे. ही गाडी देऊन टाका, छोटी पिकअप घ्या. महिनाभर आमची रोपं पोचवा. मग बघू."

"बरं," उत्रेश्वर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने एसयूव्ही दिली आणि पिकअप आणली. पुढे दोन सीट, मागे उघडा हौदा. ओट्यावर एकच आकांत झाला. उत्रेश्वरचा बाप गेला तेव्हा हे चौघं इतके रडले नव्हते.

"आरं, आमी कशात बसायचं?" तात्या ओरडला.

"घराण्याची अब्रू इकलीस तू," चेअरमन म्हणाले. घराणं त्यांचं नव्हतंच.

"बरोबर हाय," बब्रुवानमामा झोपेत म्हणाला.

उत्रेश्वर पहिल्या खेपेला निघाला. टोमॅटोची रोपं, साठ ट्रे. नियम त्याला माहीत होता. ऊन नको, वारा नको. त्याने हौद्यावर जाड प्लॅस्टिक टाकलं आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. शेतकऱ्याच्या शेतावर जाऊन उघडलं तर आतून वाफ आली. रोपं शिजली होती. नुसतं मीठ टाकायचं राहिलं होतं.

ट्रे परत आलेले बघून स्वप्नालीने कपाळाला हात लावला. "अहो, रोपं उघडी न्यायची असतात! वारा लागू द्यायचा. आणि दर पाच किलोमीटरवर थांबून पाणी शिंपडायचं."

"आधी सांगितलं नाही."

"आता सांगितलं ना?"

"बरं," उत्रेश्वर म्हणाला. आणि त्या दिवसापासून त्याने एकही रोप मोडलं नाही. उघडं न्यायचा, दर पाच किलोमीटरवर थांबायचा, पाणी शिंपडायचा. अंगदराव म्हणाले, पोरगा कामाचा दिसतोय.

पण पिकअप दारात आहे म्हटल्यावर ओट्यावरच्यांना आपापली कामं आठवली. मोठ्या गाडीसाठी रडून झालं होतं. आता छोटीत काय फुकट नेता येईल ते बघायचं होतं.

पहिले चेअरमन आले. त्यांना गावाच्या तोंडाशी कमान बांधायची होती. कमानीवर स्वतःचं नाव घालायचं होतं. जिवंतपणी. दुसरं कुणी घालेल याची त्यांना खात्री नव्हती. "सिमेंट आण," ते म्हणाले. "चाळीस पोती."

उत्रेश्वरने सिमेंट भरलं. उघडं. वारा लागू दिला. दर पाच किलोमीटरवर थांबला, बादलीने पाणी शिंपडलं. गावात येईपर्यंत चाळीस पोत्यांचे चाळीस दगड झाले होते.

चेअरमन थुंकी उडवत म्हणाले, "गाढवा, सिमेंट ताडपत्रीखाली न्यायचं! वरनं दोरीनं करकचून आवळायचं! जागचं हललं नाय पायजे!"

"आधी सांगितलं नाही."

"आता सांगितलं न्हवं?"

"बरं," उत्रेश्वर म्हणाला.

मग तात्या आला. त्याला बोकड बाजारात न्यायचा होता. चांगला तगडा बोकड. तात्या त्याच्यावर पोटच्या पोरापेक्षा जास्त माया करायचा आणि तो खाटकाला देणार होता.

उत्रेश्वरने बोकड हौद्यात घातला. वर ताडपत्री टाकली. दोरीने करकचून आवळला. बोकड जागचा हलला नाही. बाजारात पोचल्यावरही हलला नाही. ताडपत्री काढली तर जीभ बाहेर, डोळे पांढरे. पाणी मारून मारून तासाभराने उठला, आणि उठल्या उठल्या त्याने तात्याला शिंग मारलं. योग्य माणसाला मारलं.

"आरं, जित्राब हाय ते!" तात्या मांडी चोळत ओरडला. "ताडपत्रीतनं तोंड भायेर ठिवायचं! म्होरं कडबा टाकायचा!"

"आधी सांगितलं नाही."

"आता सांगितलं न्हवं?"

"बरं," उत्रेश्वर म्हणाला.

मग गुरुजी आले. त्यांना विहिरीसाठी प्लॅस्टिकचे पाईप आणायचे होते. बारा पाईप, प्रत्येक वीस फुटी. छत्तीस वर्षं गुरुजींनी पोरांना छडीने शिकवलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकालाही त्यांचं नाव काढताना कुणी ऐकलं नव्हतं.

उत्रेश्वरने पाईप भरले, ताडपत्री टाकली, दोरी आवळली. बाराही पाईपांची तोंडं बाहेर ठेवली. पुढे कडबा टाकला. वाटेत दोनदा थांबून बघितलं. पाईपांनी कडबा खाल्ला नव्हता. त्याला जरा काळजी वाटली.

वळणावर पाईपांची तोंडं चहाच्या टपरीत शिरली. टपरीवाल्याची काचेची बरणी, बटरचा डबा आणि एका गिऱ्हाइकाची टोपी पाईपाला अडकून गावापर्यंत आली.

गुरुजींनी शुद्ध भाषेत शिव्या दिल्या. मग म्हणाले, "मूर्खा, माल बाहेर आला की त्याला लाल फडकं बांधायचं असतं! आणि माल पोचला की सही घ्यायची. पोच. कागदावर. नगांसकट!"

"आधी सांगितलं नाही."

"आता सांगितलं ना?"

"बरं," उत्रेश्वर म्हणाला.

महिना भरला. पहिली खेप सोडली तर एकही रोप न मोडता भरला. अंगदरावांनी फोन केला.

"रविवारी सुपारी फोडू. अकरापर्यंत या. पण एक सांगतो. तुमचे वडील नाहीत, तेव्हा चार वडीलधारी माणसं पाहिजेत. त्यांनी आमच्या अंगणात बसून तोंडानं हो म्हटलं पाहिजे. त्याशिवाय मी मुलगी द्यायचो नाही."

"बरं," उत्रेश्वर म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला रात्रभर झोप आली नाही. त्याला स्वप्नाली आवडायची. ती एकदा ओरडली होती, पण नीट समजावून ओरडली होती. एवढं त्याच्यासाठी कुणी केलं नव्हतं.

रविवारी सकाळी चौघं फेटे बांधून पिकअपपाशी आले. एस.टी.ने जायला कुणी तयार नव्हतं. पुढे ड्रायव्हरशेजारी एकच सीट होती. झालं.

"मी चुलता हाय. म्होरं मीच," तात्या म्हणाला.

"चेअरमन मागं बसतोय व्हय?" चेअरमन म्हणाले.

"शिक्षकाला मान देण्याची पद्धत आहे आपल्यात," गुरुजी म्हणाले.

"बरोबर हाय," मामा म्हणाला आणि सीटवर जाऊन झोपला. तिघांनी मिळून त्याला ओढून काढला.

पाऊण तास भांडण चाललं. पोराचं लग्न ठरतंय याची कुणाला पडलेली नव्हती. शेवटी तात्या खवळून म्हणाला, "कुणालाच म्होरं नको! समद्यास्नी मागं घाल!"

"बरं," उत्रेश्वर म्हणाला.

पुढच्या सीटवर त्याने नारळ आणि साडी ठेवली, त्यांना बेल्ट लावला. चौघांना मागे हौद्यात घातलं. आणि मग तो थांबला. आजचं काम चुकून चालणार नव्हतं. आजवर प्रत्येक खेपेला एक नियम कमी पडला होता. आज त्याने ठरवलं, एकही नियम सोडायचा नाही.

त्याने चौघांवर ताडपत्री टाकली.

"आरं, काय करायलास?" तात्या आतून म्हणाला.

त्याने दोरीने करकचून आवळलं. जागचं हलता कामा नये. मग ताडपत्रीला चार भोकं पाडून चार तोंडं बाहेर काढली. चार तोंडांपुढे कडबा टाकला. गुरुजी उंच होते. त्यांचे पाय हौद्याच्या मागच्या फाळक्याबाहेर येत होते. त्याने दोन्ही अंगठ्यांना लाल फडकं बांधलं.

दर पाच किलोमीटरवर थांबला. बादलीने पाणी शिंपडलं. चौघं ओरडत होते. उत्रेश्वरला बरं वाटलं. बोकड ओरडला नव्हता, म्हणजे या वेळी माल ताजा होता.

फाट्यावर एक दूधवाला मोटारसायकल थांबवून बघत राहिला.

"काय नेतोस रं?"

"वडीलधारी."

"कुठं?"

"सुपारीला."

"कडबा खात्यात का?"

"तिघं नाही खात. मामा खातोय."

रोपवाटिकेपर्यंत चौघांचे घसे बसले. उन्हाने आणि पाण्याने फेटे सुटून गळ्यात आले. माना लोंबकळायला लागल्या. उत्रेश्वरने मागच्या फाटकातून गाडी आत घेतली, रोज घ्यायचा तशी.

स्वप्नाली शेडनेटमध्ये होती. सुपारीची साडी नेसून. शेवटचे दोन ट्रे भरायचे राहिले म्हणून पाठमोरी बसून भरत होती. शेजारी पाण्याची मोटर चालू. तिने नुसता गाडीचा आवाज ऐकला. आज रविवार, येता येता कुणीतरी शेतकऱ्याने उत्रेश्वरकडे ट्रे परत पाठवले असतील, असं तिला वाटलं.

"किती नग?" तिने न वळताच विचारलं.

"चार."

"ताजे आहेत का?"

उत्रेश्वरने मागे जाऊन नीट बघितलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"घरून निघाले तेव्हा ताजे होते. आता पार सुकलेत."

"काही उपयोगाचे आहेत?"

उत्रेश्वरने विचार केला. खूप विचार केला. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"नाहीत," तो म्हणाला.

"मग दारात ठेवू नका, बाबा बघतील. मागच्या खताच्या खड्ड्यात टाका. वरून शेणकाला ओता दोन पिंप. आणि लवकर आवरून अंगणात या, बाबा वाट बघतायत."

"सही," उत्रेश्वरने कागद पुढे केला.

तिने मातीच्या हाताने न बघता सही केली.

उत्रेश्वरने गाडी खड्ड्याला लावली. फाळका उघडला. दोरीसकट, ताडपत्रीसकट, कडब्यासकट सगळा माल अलगद सोडला. एकही नग मोडला नाही. वरून शेणकाल्याची दोन पिंपं ओतली. खालून बुडबुडे आले आणि कुणीतरी घोगऱ्या आवाजात "बरोबर हाय" म्हणालं.

मग त्याने हातपाय धुतले. बेल्ट सोडून नारळ आणि साडी घेतली आणि अंगणात गेला. तिथे सतरंजी टाकली होती. पाट मांडले होते. भटजी आले होते. अंगदराव फेटा बांधून उभे होते. त्यांनी उत्रेश्वरच्या मागे बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"जावईबापू, वडीलधारी मंडळी कुठायत?"

"पोचली," उत्रेश्वर म्हणाला. सहीचा कागद दाखवला. चार नग.

"अहो, मग बोलवा की त्यांना. त्यांनी हो म्हटल्याशिवाय सुपारी फोडायची कशी?"

"आज नाही जमायचं," उत्रेश्वर म्हणाला. "चांगली कुजायला तीन महिने तरी लागतील."