चढ, माथा आणि उतार

आमच्या लोटे गावच्या औषध कारखान्यातून गुणवत्ता तपासणाऱ्या तोरसकर मॅडमच्या सहीशिवाय एक गोळीही गेटबाहेर जात नाही. हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

एकदा मुंबई ऑफिसचे राजाध्यक्षसाहेब आले. प्रयोगशाळेत शिरतानाच गरजले, "गुणवत्तेत तडजोड मला खपत नाही!"

मॅडमनी त्यांना स्क्रीनवरचा आलेख दाखवला. नव्या मालाचं एकच सुबक शिखर दिसत होतं, तरी सॉफ्टवेअरनं ते अशुद्ध ठरवलं होतं. साहेबांचा सूर लगेच बदलला. "अहो, थोडंफार इकडंतिकडं व्हायचंच." तेवढ्यात तो माल भरून गेटवर थांबलेल्या ट्रकचा हॉर्न वाजला, तसे ते खेकसले, "शिखर एक म्हणजे पदार्थ एक! सही करा, नाहीतर ती तपासणीच बंद करून टाका."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हे यंत्र शिखराच्या चढावर, माथ्यावर आणि उतारावर प्रकाश टाकून बघतं. तिन्हीकडे प्रकाश सारखाच शोषला गेला, तरच माल शुद्ध; नाहीतर त्या एकाच शिखराखाली दुसराही पदार्थ लपलेला असतो. आता तुमचंच बघा. दारात तुम्हाला तडजोड खपत नव्हती, मग थोडीशी चालायला लागली आणि आता तपासणीच नको झाली. दिसायला साहेब एकच, पण चढावर एक, माथ्यावर दुसरे आणि उतारावर तिसरेच! यातल्या कोणत्या साहेबांचं ऐकून सही करू?"

साहेबांनी स्वतःच फोन करून ट्रक रिकामा करायला सांगितला.

आता ते आले की येताना, चहा घेताना आणि निघताना एकच वाक्य बोलतात, "मॅडम म्हणतील तसं."

आमच्या तपासणीत साहेब हल्ली शुद्ध निघतात.