मिठूरावांची बेरीज

रानातल्या झाडांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. पूर कुठवर चढेल हे कळायला मिठूराव पोपटांना हजार ओढ्यांच्या पाण्याच्या आकड्यांची बेरीज करायची होती. बोलायला गोड, पण बेरजेला गोगलगाय! म्हणून त्यांनी चपळ सुतारपक्षी मदतीला आणला. तरी काम आणखीच रखडलं. पाणी सशांच्या बिळांशी आलं.

“हाच का रे तुझा वेग?” मिठूराव खेकसले.

“बेरजेला माझे दोन ठोके पुरतात,” सुतारपक्षी म्हणाला. “पण दर आकड्याला तुम्ही मला नव्याने बोलावता, बसवता, घरच्यांची खुशाली विचारता! अख्खी यादी एकदाच द्या आणि चोच मिटा.”

यादी मिळताच खडखड बेरीज झाली. ससे वेळेत टेकडीवर पोचले.

तिथे मिठूरावांनी ‘मी बेरीज कशी केली’ यावर भाषण ठोकलं. ते संपेपर्यंत पूर ओसरला होता.