शेवंतीपूरच्या पानावरचा हरताळ

राजा मल्लसेनाच्या ज्ञानकोशात चारशे गावं होती, आणि त्यातल्या तीनशे नव्व्याण्णव गावांनी कधी कुणाला त्रास दिला नाही. सगळा ताप होता तो शेवंतीपूरचा.

शेवंतीपूर राजधानीच्या वेशीबाहेर, नदीपलीकडे. बडे व्यापारी तिथे हवेल्या बांधून राहायचे. घरी सगळं होतं, म्हणून त्यांना कोशातही सगळं हवं होतं. रोज कुणाचा तरी नोकर कोशाच्या कचेरीत येऊन सांगायचा, आमच्या शेठनी अमुक ओळ खोडून तमुक लिहायला सांगितलंय. म्हातारा लेखक भानोबा लिहायचा. खोडायचं काम गोजराचं.

हरताळ हा पिवळा दगड. तो कुटायचा, डिंकात कालवायचा आणि चुकीच्या अक्षरांवर फासायचा, म्हणजे वर नवं लिहिता येतं. बारा वर्षं गोजरा खिडकीजवळ बसून हरताळ कुटत होती. वाचायला ती तिथेच शिकली, आणि तेही खोडायच्या ओळींवरून. त्यामुळे शेवंतीपुरात काय नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यापासून ती खिडकी आणि तो खलबत्ता, एवढाच तिचा संसार होता.

एके दिवशी राजाने शेवंतीपूरचं पान वाचलं. 'प्रत्येक चौकात वाटसरूंसाठी पाणपोई आहे.' ते वाचून त्याने आपल्या म्हाताऱ्या दाईला हवापालटासाठी तिकडे धाडलं. बिचारी दिवसभर चौक हिंडली आणि घसा कोरडा घेऊन परत आली.

राजा स्वतः कचेरीत आला. पान हातात घेतलं, तर ते हरताळाच्या थरांनी भाकरीएवढं जाड झालेलं.

"दसऱ्याला हे पान घेऊन मी शेवंतीपुरात येईन," तो म्हणाला. "ओळ न् ओळ खरी निघाली पाहिजे. एक जरी खोटी निघाली, तर कोश नदीत आणि तुम्ही दोघं राज्याबाहेर. आणि आजपासून हरताळ बंद. एक अक्षर खोडायचं नाही, एक वाढवायचं नाही!"

हरताळाची गोणी शिपायांनी उचलून नेली. भानोबा म्हणाला, खोटी ओळ खोडल्याशिवाय खरी करायची तरी कशी? आता बोचकं बांधलेलं बरं.  गोजरा मात्र पानाचा समास बघत बसली होती. कोशाची रीतच होती की प्रत्येक ओळीपुढे, समासात, ती सांगणाऱ्याचं नाव लिहायचं.

"भानोबा," ती म्हणाली, "पान बदलायचं नाही, असं सांगितलंय. गाव बदलायचं नाही, असं कुठे सांगितलंय?"

दुसऱ्या दिवशी ती पान घेऊन जिवाशेठच्या हवेलीत गेली. पाणपोईची ओळ त्यांची. तिने ती मोठ्या अदबीने वाचून दाखवली आणि सांगितलं, दसऱ्याला महाराज प्रत्येक ओळीपाशी थांबणार आणि समासातल्या माणसाला पुढे बोलावणार. शेठ म्हणाले, खोडून टाक ती ओळ.

"खोडायचं तर महाराजांची परवानगी लागते, शेठजी. फार काही नाही, दरबारात उभं राहून 'मी खोटं सांगितलं' एवढंच म्हणायचं."

संध्याकाळी चौकाचौकात रांजण आले.

तळ्यात बारमाही कमळं फुलतात, असं पारूशेठाणींनी सांगितलं होतं. तिथे म्हशी डुंबायच्या. त्यांनी गाळ काढवला, कमळं लावली. पहिली कमळं म्हशींनी खाल्ली, तेव्हा दुसरी लावून राखणीला माणूस बसवला. धर्मशाळेत येईल त्याला गरम जेवण मिळतं, हे मुकुंदशेठचं सांगणं. धर्मशाळेत त्यांचा रथ ठेवलेला असायचा. रथ उन्हात गेला आणि चुली पेटल्या.

दसऱ्याला राजा घोड्यावरून आला. रांजणातलं पाणी प्यायला, कमळं मोजली, धर्मशाळेत चार घास खाल्ले. पुढची ओळ होती, 'येथील लोक अत्यंत मितभाषी आहेत.' राजाने शेठलोकांना तीन प्रश्न विचारले. भीतीने एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. भानोबाने याही ओळीपुढे खरेपणाची खूण केली.

मग राजा शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला.

"'महाराज दर दसऱ्याला येथे येतात व प्रसन्न होतात,'" त्याने मोठ्याने वाचलं. "मी या गावात आज पहिल्यांदा पाऊल ठेवलंय. सापडली खोटी ओळ!"

समासात जिवाशेठचं नाव होतं. शेठ रांजणामागे गेले. भानोबा मटकन खाली बसला.

गोजरा पुढे झाली. 

"महाराज, दसरा आजच आहे. आपण आला आहात. राहता राहिलं प्रसन्न होणं, ते काही आम्हाला गाळ काढून करता येत नाही."

"आणि 'दर दसऱ्याला'? त्याचं काय?"

"ते पुढच्या वर्षी कळेल. आपण आलात तर ओळ खरीच आहे. नाही आलात तर ती आपल्यामुळे खोटी पडेल. मग समासात नाव कुणाचं लिहायचं, तेवढं सांगून ठेवा."

  राजा जो हसत सुटला, तो घोड्याच्या मानेला धरूनच थांबला.

"प्रसन्न," भानोबा पुटपुटला, आणि बसल्या बसल्या त्याने शेवटची खूण केली.

राजाने आपल्या हातातलं सोन्याचं कडं गोजराला दिलं, आणि शेवंतीपूरचं पान जन्मभरासाठी तिच्या ताब्यात दिलं, खिडकीसकट. हरताळाची गोणीही परत करा म्हणाला.

"राहू द्या, महाराज," गोजरा म्हणाली. "शेठजींची नवी ओळ आली आहे. गावात हत्तीखाना आहे म्हणतात. पुढच्या दसऱ्याला बघायला या."

रांजणामागून जिवाशेठचा आवाज आला, की ती ओळ त्यांनी अजून नक्की केलेली नाही. राजा पुन्हा हसायला लागला.